गोव्यातील ऊर्जासंक्रमण

कोळसा, डिझेल, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस यांची जागा स्वच्छ विजेने घेण्याची गोवा राज्यातील प्रक्रिया. 2050 पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जेवर जाण्याचे उद्दिष्ट राज्याने जाहीर केले आहे.

गोव्यात स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. वीज खाते घरोघरी पोचवते ती बहुतांश वीज बाहेरून येते. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम ही कोळशावरची केंद्रे त्यात प्रमुख. (मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा मुख्यतः कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो.) पेट्रोल इंजिनात इंधनातील जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते, विजेच्या गाडीत मात्र बॅटरीतली बरीचशी कामी येते. पण कोळशाच्या केंद्रातच सुमारे दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. म्हणून ग्रीड, म्हणजे वीज पुरवणारे जाळे, स्वच्छ झाल्याखेरीज पणजीत विजेची स्कूटर घेण्याचा पुरता लाभ हाती येत नाही.

सौरऊर्जेसाठी 2017 चे राज्य धोरण आहे, नेट मीटरिंगही (छपरावरची जादा वीज ग्रीडला देऊन बिलात वजावट) आहे. अडचण ऋतूंची आणि वेळेची. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, आणि घरे व हॉटेलांतले दिवे, एसी जोरात चालतात ते सूर्यास्तानंतर. जमीनही तुटपुंजी: एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, आणि 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यात जंगल, खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) व वस्ती यांतून मोकळे फार थोडे उरते. छपरे आधी वापरावीत, हेच शहाणपणाचे.

बाहेरून वीज आणायची तर तारा पश्चिम घाटातूनच येणार. छत्तीसगडमधील तम्नारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोवा-तम्नार वीजवहन प्रकल्पाची 400 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नेण्याचे ठरले, तेव्हा 2020 मध्ये मोठे जनआंदोलन उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्ये जुन्या 220 केव्ही वाहिनीचाच पट्टा वापरण्याची शिफारस केली. 2022 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. हा विरोध विजेला नव्हता, जंगलात नवी वाट कापण्याला होता. पुढच्या प्रत्येक वाहिनीच्या आखणीत हा फरक ओळखावा लागेल.

जलवाहतुकीत फेरीबोटीचे काम सोपे: फेरा आखूड, धक्क्यावर चार्जिंग शक्य. ट्रॉलरचे, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीचे, अवघड. किलोभर डिझेलमध्ये सुमारे 12 युनिट ऊर्जा असते, तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत पाव युनिटच्या आसपास. मोटर कितीही कार्यक्षम असली तरी अनेक दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या बोटीला हे वजन आज परवडत नाही.