नेल सलूनमधल्या कामगारांची रसायनांपासून सुरक्षा

नखं रंगवणं, जेल (लॅम्पखाली धरून टणक करायचा पॉलिशसारखा थर) लावणं, ॲक्रिलिकने नखं वाढवणं आणि ती परत काढणं हे काम दिवसभर करणाऱ्यांच्या, म्हणजे बहुतेक मुलींच्याच, नाकात, डोळ्यांत आणि कातडीवर जाणारी वाफ नि भुकटी कमी करायची जी व्यवस्था लागते तिच्याबद्दल ही नोंद आहे. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं, काम करणारी तिथंच बसून राहते, त्यामुळे धोका खरा तिलाच.

बडोद्यात अलकापुरी, ओल्ड पादरा रोड, फतेहगंज या बाजूला नेल स्टुडिओ आहेत, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीत घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या ताई-काकूही जेल, एक्स्टेन्शन करून देतात. नवरात्र आणि लग्नसराई म्हणजे कामाचा सगळ्यात जास्त लोड, गरब्याला जायच्या आधी सगळ्यांनाच नखं हवी असतात. नंदेसरीची केमिकल वसाहत आणि कोयलीची रिफायनरी जवळ असल्यामुळे कारखान्याच्या वासाबद्दल इथं लोक लगेच बोलतात, पण टेबलावरच्या छोट्या बाटलीला कोणी केमिकल समजत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खटकतं.

साध्या नेलपॉलिशमधल्या तीन गोष्टी जास्त बदनाम आहेत: टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. टोल्युइनने डोकं दुखतं, चक्कर येते. फॉर्मल्डिहाइड नख कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये असतं, डोळे आणि घसा जळतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली त्याला माणसात कॅन्सर करणारं ठरवलंय. डायब्युटाइल थॅलेट प्रजननावर परिणाम करू शकतं, म्हणून युरोपात कॉस्मेटिक्समध्ये त्याला बंदी आहे. मोठ्या कंपन्यांनी ही तिन्ही बरीचशी काढून टाकलीत, पण लेबल नसलेल्या स्वस्त मालाचा काही भरवसा नाही.

ॲक्रिलिकचं प्रकरण वेगळं. लिक्विड आणि पावडर मिसळून नख बनवतात, त्या लिक्विडमध्ये मिथाइल मेथॅक्रिलेट असेल तर वास फार उग्र येतो आणि नख इतकं टणक होतं की फाईल करायला जड जातं. अमेरिकेत 1970 च्या दशकातच शुद्ध मिथाइल मेथॅक्रिलेटच्या मालावर कारवाई झाली, मग इथाइल मेथॅक्रिलेट वापरात आलं. जेलला वास कमी म्हणून तो सेफ असं बऱ्याच जणी धरून चालतात, ते चुकीचं आहे. लॅम्पखाली पूर्ण न सुकलेला जेल कातडीला परत परत लागला की त्यातल्या ॲक्रिलेट्सची (टणक होऊन नख बनवणाऱ्या रसायनांची, उदाहरणार्थ HEMA म्हणजे हेमा) ॲलर्जी बसू शकते, बोटांची टोकं फाटतात, खाजतात, आणि ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते, दातांच्या काही फिलिंगमध्ये किंवा सांध्यांच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्येही याच जातीचं रसायन असतं त्यामुळे पुढे तिथेही अडचण येऊ शकते. जेल लॅम्पखाली टणक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली.

उपायांत पहिली गोष्ट हवा. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, म्हणून दार-खिडक्या बंद आणि स्प्लिट एसी चालू, पण स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आणि टोल्युइन यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती नाकाखालीच टेबलावर तयार होते, त्यामुळे छताजवळच्या एकट्या एक्झॉस्टपेक्षा टेबलालगत वाफ ओढून पाईपने बाहेर सोडणारा पंखा जास्त उपयोगी. न्यूयॉर्क राज्यात तर प्रत्येक टेबलाशी अशी व्यवस्था नियमानेच सक्तीची आहे. ते जमत नसेल तर निदान खिडकी उघडी, आणि पंखा असा की हवा तोंडावरून न जाता बाहेर जाईल.

मास्कबद्दल गोंधळ फार. सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही. एन-95 मास्क नख घासायच्या ड्रिलने उडणारी भुकटी अडवतो, वाफ नाही, त्यासाठी वाफ शोषणाऱ्या कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत आणि वरचेवर बदलावेत, ॲक्रिलेट्स पातळ मोज्यातून काही मिनिटांतच आरपार जातात. बाटल्यांची झाकणं लगेच बंद, ॲसिटोनचा कापूस झाकणाच्या डब्यात, देवघरातला दिवा किंवा गॅस जवळ नको कारण ॲसिटोन झटकन पेटतं, आणि जेवण त्या टेबलावर अजिबात नको.

कायद्याने कॉस्मेटिक्सचा दर्जा 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली येतो. गुजरातचा दुकानांतल्या कामगारांबद्दलचा 2019 चा कायदा आला तेव्हा 10 किंवा जास्त कामगार असलेल्या जागांना लागू होता, आणि नेल सलूनमध्ये दोन-तीनच मुली असतात. म्हणून मोजे, पंखा, लेबल असलेला माल हा खर्च मालकिणीने स्वतःहून उचलायला हवा, पगारातून कापू नये. कातडीचा त्रास टिकला तर सयाजी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवावं आणि वापरात असलेल्या बाटल्यांच्या लेबलचे फोटो सोबत न्यावेत, डॉक्टरला पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते कातडीवर थोडं थोडं लावून बघणं) कशाची करायची ते त्यावरून ठरवता येतं.