साडेअकरा सेंटीमीटर

पर्लकोटा नदी पुलावर चढली की गडचिरोलीतल्या भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. एसटी बंद, ॲम्ब्युलन्स अडकलेली. अशा वेळी पलीकडच्या गावातल्या अंगणवाडीताईकडे मोजमापाचं एकच साधन हाताशी उरतं, ती म्हणजे दंड मोजायची रंगीत पट्टी.

पोराचा डावा हात सैल सोडायचा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध पट्टी गुंडाळायची, मांस दाबलं जाणार नाही इतपतच ओढायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरासाठी 12.5 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे हिरवा रंग, त्याखाली पिवळा आणि 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. मोठ्या सेलच्या जुन्या टॉर्चची नळी मुठीत धरून पाहा; साधारण तेवढाच जाड दंड. मी पहिल्यांदा लाल रंग पाहिला तेव्हा पट्टी चुकीची लागली असेल असंच वाटलं होतं.

दंडच का? एक ते पाच वर्षांच्या दरम्यान बाळसं उतरतं आणि स्नायू भरतात, त्यामुळे दंडाचा घेर फारसा बदलत नाही. उपासमारीत मात्र चरबी आणि स्नायू दोन्ही झिजतात. म्हणून पोराचं नेमकं वय ठाऊक नसलं तरी चालतं. घर जळालेल्या, जन्मदाखला मागे राहिलेल्या कुटुंबासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. या मोजमापाचा युद्धाशी संबंधही जुना आहे. नायजेरियाच्या यादवीत (1967-70) क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची पथकं उंचीच्या खुणा केलेली काठी आणि दंडाचा घेर यांवरून भुकेली मुलं निवडत. पुढे 1974 मध्ये शाकीर आणि मॉर्ली या डॉक्टरांनी रंगीत पट्टीची पद्धत मांडली. आपल्याकडे शाकीर टेप म्हणतात ती हीच.

गाझात किंवा सुदानच्या अल फाशेरला वेढा पडला, तेव्हा वजनकाटे घेऊन घरोघर फिरणं अशक्य झालं. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा प्रांतात दुष्काळ असल्याचं जाहीर झालं, त्यात दंडाची मापं हा मोठा पुरावा होता. पट्टी मायच्याच हाती दिली तरी ती जवळजवळ आरोग्यसेविकेइतकंच बरोबर मोजते, हे नायजरमध्ये दिसून आलं आहे. पथक पोचलं नाही तरी मोजणी थांबत नाही.

उपचाराचं अन्नही तसंच लागतं. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं यांच्या 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 कॅलरी असतात. त्यात पाणी जवळपास नसतं, म्हणून जंतू वाढत नाहीत. चूल नको, फ्रीज नको. पण वेढ्यात ते पाकीट नाक्यापलीकडे जायला परवानगी लागते. आमच्याकडचा पूर काही दिवसांत उतरतो. नाक्यावरचा बंदूकधारी कधी बाजूला होईल, ते कोणी सांगू शकत नाही.

आणि पट्टी कधी फसवतेही. दोन्ही पावलांवर तीन सेकंद अंगठा दाबून खड्डा राहिला, तर ती सूज आहे. दंड हिरव्यात दिसला तरी ते पोर तीव्र कुपोषित धरायचं. त्यात त्याची भूक मेली असेल, तर पाकिटावर भागत नाही. त्याला दवाखान्यातच न्यावं लागतं, आणि तिथवर रस्ता उघडा असावा लागतो.