२४० झेड आणि अँबेसिडरचा मिस्त्री

परदेशातून जुनी मोटार आणायची तर ती १९५० पूर्वीची हवी, असा नियम आपल्याकडे कित्येक वर्षं होता. २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो बदलून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वाट मोकळी केली. वर्षं सरतील तशी ही मर्यादाही पुढे सरकत राहील. ज्या जपानी स्पोर्ट्स कारची नुसती चित्रं पाहत आम्ही नागपुरात लहानाचे मोठे झालो, त्यांतली सर्वांत मोलाची, निसान कंपनीची डॅटसन २४० झेड आता या नियमात बसते. आयात करापायी ती थोड्यांनाच परवडेल. पण आणली, तर आहे तशी जपायची की तिच्यात बदल करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. त्याचं उत्तर शोधताना मागे जावं लागतं.

निसानने १९५२ मध्ये ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला. त्यातून ए४० आणि नंतर ए५० केंब्रिज या गाड्या जपानमध्ये बनल्या. ए५० मधलं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं, ऑस्टिन ज्यात होती त्या ब्रिटिश कंपनीसमूहाचं, बी-सिरीज. याच जातीच्या इंजिनावर आपली अँबेसिडर वर्षानुवर्षं धावली. म्हणजे निसानची एक पिढी आणि आपले मिस्त्री एकाच शाळेत शिकले. मला हे नातं फार जवळचं वाटतं.

ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झेड आली. अमेरिकेत निसानचा कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांना ते नाव तिकडे चालणार नाही याची खात्री होती. त्यांनी ती '२४० झेड' म्हणून ३,५२६ डॉलरला विकायला काढली. सहा सिलिंडरचं २.४ लिटर इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, वजन एक टनाच्या जरा वर. एवढ्या पैशांत असं काही त्या काळी मिळत नव्हतं. १९७० आणि १९७१ मध्ये पीट ब्रॉक यांच्या शर्यतसंघाने अमेरिकेत तिच्यावर लागोपाठ अजिंक्यपद मिळवलं. १९७१ मध्ये ती पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी चाकामागे होते युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता. आदल्याच वर्षी त्या देशाने आशियाई लोकांना हाकलून दिलं होतं, हे आठवलं की त्या विजयाचं मोल आणखी कळतं.

शर्यतीतल्या या गाड्या मूळ रूपात नव्हत्याच. पुढे आलेल्या २८० झेड या मॉडेलचं २.८ लिटर इंजिन त्याच जागी बसतं म्हणून हजारोंनी ते बसवलं. तेव्हा 'बदल केला की झेड बाटली' असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही.

आपला कायदा मात्र वेगळं सांगतो. २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती १० वर्षं टिकते आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

तरी नागपुरात काही गोष्टी कराव्याच लागतील. या इंजिनात एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला, एकावर एक. गरम इंजिन बंद केलं की वरचं पेट्रोल उकळायला लागतं, ही तक्रार थंड देशांतही होती. आपल्या नवतप्यात, ४५-४६ अंशांत, मधली उष्णतारोधक पट्टी नीट नसेल तर सिग्नलला बंद पडलेली गाडी लवकर चालू होणार नाही. डॅशबोर्ड उन्हाने तडकणं हा तिचा जुनाच रोग. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यामुळे जुने रबरी पाइप सगळे बदलायचे. पत्रा मात्र गंजका. आपली कोरडी हवा तेवढी तिच्या बाजूची, पण बॅटरीखालची जागा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी आधी तपासाव्यात.

इंजिन मूळचंच ठेवावं, असं माझं मत आहे. त्याचं कारण कायद्यापेक्षा त्या दोन कार्ब्युरेटरांत आहे. ते हिताचीने बनवलेले, पण घडण एसयू या ब्रिटिश कंपनीची, अँबेसिडरवाले मिस्त्री ज्यावर हात बसवत आले तीच. कामठी रोडवरच्या गॅरेजात वडिलांच्या अँबेसिडरचं ट्यूनिंग होताना मी शेजारी उभा असायचो. मिस्त्री आधी कार्ब्युरेटरची वरची टोपी उघडून तेल पाहायचे, मग त्यातला पिस्टन बोटाने किंचित उचलून कान द्यायचे. इंजिनाने वेग घेतला तर पेट्रोल जास्त, धाप टाकून बसलं तर कमी. झेडला असे दोन आहेत, म्हणून एक रबरी नळी जास्तीची लागेल: एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी, आणि हवेचा सुस्कारा दोन्हीकडे सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं.