ऑनलाइन मूकपट आणि साथसंगतीचा वाद : पार्श्वभूमी

मराठवाड्यातली काही मंडळं सध्या ऑनलाइन मूकपट दाखवतात, आणि त्यांची साथ थेट वाजवायची की आधी रेकॉर्ड करायची, यावर त्यांच्यात वाद आहे. मूकपट मुका कधीच दाखवला जात नव्हता, हे नव्याने सांगायला नको. पडद्याशेजारी पेटी-तबला, जमल्यास सारंगी आणि चित्रपटातल्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचणारा एखादा माणूस, एवढा सरंजाम असायचा. मराठवाड्यापुरता हा काळ निजामाच्या राजवटीतला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावात लागला. इकडे हैदराबादेत 1922 च्या सुमारास एका बंगाली दिग्दर्शकाने दरबाराच्या आश्रयाने फिल्म कंपनी काढली, आणि 1924 मध्ये ‘रझिया बेगम’ दाखवल्यावरून त्याला संस्थानातून हाकललं गेलं. 1931 ला बोलपट आला नि पडद्याशेजारची बैठक हळूहळू उठली. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, तोवर मूकपट मागे पडून दीड दशक होऊन गेलं होतं.

म्हणून काही मंडळांच्या पत्रकांत ‘आपली मूकपटांची परंपरा’ असं येतं तेव्हा थोडं जपून वाचावं. काही जण धागा पार पैठणच्या चित्रकथीपर्यंत नेतात. चित्र पुढे धरायचं आणि शेजारी बसून कथा गायची, हे साम्य खरं आहे, पण त्यावरून वंशावळ काढता येत नाही. इकडच्या जुन्या माणसांची आठवण जत्रेतल्या तंबूतल्या टॉकीजची आहे, आणि ती बोलपटाची.

सध्याच्या खेळांची सुरुवात 2020 च्या टाळेबंदीतली. सभागृहं बंद, मंडळं घरी. अशा वेळी मूकपटच का निवडले, याचं कारण रसिकतेपेक्षा हिशेबाचं होतं. भारतीय कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे मूकपटांना मालकाची परवानगी लागत नाही (चित्रपट संग्रहालयाची प्रत हवी असेल तर ती परवानगी वेगळी). पर्याय मात्र थोडेच. देशात मूकपट तेराशेच्या आसपास निघाले आणि त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धडपणे उरले. ‘कालिया मर्दन’ (1919) बराचसा शाबूत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आहेत ती 1913 ची की 1917 च्या दुसऱ्या आवृत्तीची, यावर जाणकारांत एकमत नाही. 2020 च्याच ऑक्टोबरात इटलीतल्या पोर्देनोनेचा मूकपट महोत्सवही ऑनलाइन भरला, तेव्हा आपण काही वेडेपणा करत नाही असा धीर इथल्यांना आला.

वाद पेटला तो साथसंगतीवरून. सुरुवातीला वादक आपापल्या घरी आणि सगळे एका व्हिडिओ कॉलवर, असा थाट होता. पेटी नांदेडला, तबला लातूरला. हे चालणं शक्यच नव्हतं. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण 30 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपतो, मोबाइल डेटावरच्या कॉलला सहज 200 लागतात. द्रुत लयीत मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. म्हणजे पेटीवाल्याच्या कानी पडणारी सम (तालाची पहिली मात्रा) जवळजवळ मात्राभर शिळी. त्यात ॲपची गोंगाट गाळायची सोय! एकसारखा चालणारा आवाज तिला पंख्याचा वाटतो, म्हणून तानपुरा ती सरळ गिळते. ‘ओरिजिनल साउंड’चं बटण सापडेपर्यंत प्रेक्षकांनी तानपुऱ्याविनाच गाणं ऐकलं.

मग दोन तट पडले. एकाने साथ आदल्या दिवशी एका खोलीत बसून रेकॉर्ड करायची, चित्राला चिकटवायची आणि ठरल्या वेळी ‘लाइव्ह’ म्हणून सोडायची, असं ठरवलं. कारण दिलं विजेचं. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की दुसरा येईपर्यंत गाव अंधारात. इन्व्हर्टर राउटर ओढेल, पण आवाजाचा मिक्सर, लॅपटॉप आणि दिवे मिळून ओढेलच असं नाही. कारण खोटं नाही. पण एका खेळात साथ ‘थेट’ चालू असताना खुद्द तबलजी चॅटमध्ये ओळखीच्यांना नमस्कार घालत होते, आणि तिथे ‘लाइव्ह’ या पाटीची लाज गेली.

दुसऱ्यांनी वादक एका खोलीत आणले. चित्र लॅपटॉपवर, वादकांची नजर त्याच पडद्यावर, माइक मिक्सरमध्ये, मिक्सर लॅपटॉपला आणि ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून चित्र-आवाज जोडून बाहेर. प्रेक्षकाला हे सगळं पंधरा-वीस सेकंद उशिरा पोचतं. पण चित्र आणि ठेका दोन्ही सारखेच उशिरा पोचतात, त्यामुळे बिघडत काही नाही. वाहवा तेवढी शिळी येते.

माझा कौल दुसऱ्यांना, आणि तो रिळाच्या वेगापायी. 35 मिमीच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम). हजार फुटांचं रीळ सेकंदाला 16 चौकटींनी चालवलं तर 16 मिनिटं 40 सेकंद चालतं, 24 नी चालवलं तर 11 मिनिटं 7 सेकंदांत संपतं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे वेग पक्का नव्हताच, आणि इंटरनेटवरच्या प्रती प्रत्येकाने आपल्या अंदाजाने उतरवलेल्या. तालीम एका प्रतीवर झाली आणि ऐनवेळी दुसरी लावावी लागली की आधी रेकॉर्ड केलेली साथ कचऱ्यात जाते. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण डोहात नागाशी झुंजतो आणि काठावर गाव हवालदिल होतो, तिथे दृश्य खाली-वर होत राहतं. समोर बसलेला तबलजी पाण्याखाली कहरव्याची दुगुन (दुप्पट लय) धरतो, काठावर येताच हात आखडता घेऊन नुसत्या पेटीला जागा देतो. दृश्य लवकर तुटलं तर तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) अर्ध्यात सोडून पुढे जातो. रेकॉर्डिंगला हे जमत नाही.

सध्या भांडण हक्कांचं आहे. चित्रपट हक्कमुक्त असला तरी प्लॅटफॉर्मची यंत्रणा आवाज जुळवून बघते, आणि ओळखीच्या चालीवर भलत्याच कंपनीचा दावा येऊन व्हिडिओ मुका होतो. वादकांचा प्रयोगहक्क कायद्याने 50 वर्षांचा, बिदागी मात्र एका रात्रीची. व्हिडिओ चॅनेलवर किती दिवस ठेवायचा, हे काही मंडळं आता वादकांना आधीच लिहून देतात. बाकी ठिकाणी ते अजून तोंडी बोलीवरच चालतं.