पाऊस पडल्यावर बघू?

मेचा दुसरा पंधरवडा लागला की परसातली लाल भोपळ्याची वेल पिवळी पडते. देठ लाकडासारखा कडक होतो, आणि भोपळ्यावर नख रोवून पाहिलं तरी सालीत शिरत नाही. हीच काढणीची खूण. काढताना चार बोटं देठ फळालाच ठेवावा. देठ मुळाशी तुटला तर त्या जखमेतून बुरशी आत जाते आणि वरून धडधाकट दिसणारा भोपळा आतून कुजतो. देठासकट काढलेला भोपळा हवेशीर, कोरड्या जागी महिनोन् महिने राहतो. दोडक्याची एक-दोन फळं मात्र वेलीवरच वाळू द्यावीत. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की पुढच्या हंगामाचं बियाणं तयार.

वेल उपटली की खालची जमीन उघडी पडते. भेगाळलेली, हाताला चटका देणारी. हिच्यात आता काय लावायचं, पाऊस पडल्यावर बघू, असं म्हणून बहुतेक जण कुदळ ठेवून देतात. मला वाटतं, परसबागेचं वर्षातलं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

कारण ही माती मेलेली नसते. आफ्रिकेत केनियात काम करणारे मृदाशास्त्रज्ञ एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखवून दिलं, की माती कडक वाळवून पुन्हा भिजवली तर तिच्यातले सेंद्रिय पदार्थ एकाएकी वेगाने कुजू लागतात आणि बराच नायट्रोजन मोकळा होतो. सतत ओलसर राहिलेल्या मातीत असं घडत नाही. याला आता ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

होतं असं, की उन्हाळ्यात मातीतले असंख्य सूक्ष्मजीव मरतात. जे वाचतात, ते पाणी धरून ठेवण्यासाठी पेशीत क्षारांसारखे विद्राव्य पदार्थ साठवून दम धरून बसतात. पहिली सर आली की पाणी त्यांच्यात घुसतं. काही पेशी फुटतात, काही साठवलेलं बाहेर टाकून स्वतःला वाचवतात. मातीची ढेकळं विरघळतात आणि त्यांच्यात अडकलेला पालापाचोळ्याचा अंश उघडा पडतो. वाचलेल्या जिवाणूंना एवढं अन्न एकदम मिळतं, की काही तासांतच माती जोरजोरात श्वास घेऊ लागते, म्हणजे तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. पहिल्या पावसाचा मृद्गंधही याच मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थामुळे येतो. मोकळा झालेला नायट्रोजन आधी अमोनियम होतो आणि पुढच्या काही दिवसांत नायट्रेट. झाडाला हवं असलेलं खत, फुकट.

पण नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. कोकणातल्या धुवांधार पावसात ते पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याबाहेर खाली निघून जातं. पाऊस स्थिरावल्यावर आपण सावकाश बी टोकतो, तोवर हे घबाड गेलेलं असतं. म्हणून ते टिपायला मुळं आधीपासून जमिनीत हवीत.

भाताची धूळवाफ पेरणी करणारे शेतकरी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे साधारण २५ मेनंतर, कोरड्या मातीतच बी टाकतात. परसातही काकडी, पडवळ, चवळीची आळी तशीच करून ठेवता येतात. बी नखभर खोल असावं, उघडं राहिलं तर मुंग्या नेतात. वळवाची एखादी सर येऊन पुन्हा ऊन तापलं, तर उगवलेल्या रोपांना मृगापर्यंत रोज तांब्याभर पाणी घालायला विसरू नये.

हळदीला मात्र थोडं आधी हलावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून सावलीत पाल्याखाली ठेवलेले जेठे गड्डे, म्हणजे मूळ मोठे कंद, मेमध्ये स्वतःहून जागे होतात. पाण्याचा थेंब नाही, माती नाही, तरी डोळे फुगून त्यांना पिवळट-पांढरे टोकदार कोंब येतात. साठलेल्या पिष्टाची साखर करून कंद स्वतःच्याच शिदोरीवर वाढत असतो. असा गड्डा भोपळ्याच्या रिकाम्या जागेत, डोळा वर ठेवून, चार बोटं खोल लावावा आणि वर वीतभर सुका पाला पसरावा. दोन आठवड्यांनी एका गड्ड्याजवळची माती बोटाने हळूच बाजूला केली, की कोंबाच्या बुडाशी पांढरी, जाडसर मुळं दिसतात. ती दिसली की माती पुन्हा लोटून पाला सारखा करावा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. तोपर्यंत ही मुळं बरीच पसरलेली असतात.