टॅक्सी गेल्या, पद्मिनीचं इंजिन महागलं

जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेनं घेणाऱ्याला खरा धक्का बसतो तो इंजिनाचं काम काढल्यावर. एवढ्याशा इंजिनाला एवढे पैसे? ज्यांच्या वडिलांनी हेच काम गल्लीतल्या मिस्त्रीकडून किरकोळीत करून घेतलं, त्यांना तर हे लुबाडणंच वाटतं. पण तेव्हाची स्वस्ताई कुठून येत होती, ते आधी पाहायला हवं.

शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 पासून होता. बाहेरून सुटे भाग आणून नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथेच बनवा, असं सरकारी धोरण ठरलं आणि 1954 मध्ये तो बंद झाला. टिकल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांतलीच. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या सहकार्यानं गाड्या बनू लागल्या. 1964 मध्ये ‘1100 डी’ आली, 1974 पासून तिचंच नाव पद्मिनी झालं आणि 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. या साऱ्या काळात मूळ इंजिन तेच राहिलं: चार सिलिंडर, 1089 सीसी, 68 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव).

उत्पादनाला सरकारी परवाना लागणाऱ्या त्या परवाना-राजनं गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं रांगेत उभं केलं, तरी मिस्त्रीचं मात्र भलं केलं. एकच इंजिन आणि तेच मुंबईभरच्या टॅक्सींत! दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या टॅक्सीचं इंजिन कधी ना कधी दुरुस्तीला उतरणारच. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट यांचा खप कायमचा. नवं परवडत नसेल तर चोरबाजारात जुनं मिळे. रिंगा-व्हॉल्व्हवर भागलं तर ‘हाफ इंजिन’, नाहीतर बोअरिंग (सिलिंडर आतून कोरणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासणं) यांच्यासकट ‘फुल’. हौशी मालकाच्या इंजिनाचा खर्च खरं तर टॅक्सीवाल्यांनीच खाली ठेवला होता.

पण स्वस्त दुरुस्तीचा हिशेब ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावर, साठत गेला. दर बोअरिंगला सिलिंडर थोडा रुंद होतो आणि पुढचा ओव्हरसाइज पिस्टन लागतो. ती सोय संपली की लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, ठोकायचा. क्रँकचं उलटं: ग्राइंडिंगला तो बारीक होतो, बेअरिंग जाड लागतात. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, तापून वाकलं की फेसिंग करून ते सपाट करायचं, म्हणजे आणखी धातू गेला. त्यात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर व्हॉल्व्ह-सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेला, झीजेपासून वाचवत असे. आता हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घेणं शहाणपणाचं.

मुंबईत टॅक्सीसाठी 2008 मध्ये 25 वर्षांची आणि 2013 मध्ये 20 वर्षांची वयोमर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर 2023 अखेर तीही रस्त्यावरून उतरली. कायमचं गिऱ्हाईक गेलं, तसा दुकानदाराला माल भरून ठेवण्यात रस उरला नाही. पिस्टनचा संच आता शोधावा लागतो आणि शोधणाऱ्याचा वेळही बिलात चढतो. बोअर मोजून, अंदाजानं न ठोकता काम करणारा लेथवालाही तेवढ्याच मुश्किलीनं सापडतो.

म्हणूनच जाणता मिस्त्री फोनवर आकडा सांगत नाही. ब्लॉक आधी किती वेळा बोअर झालाय, हे इंजिन उघडल्याशिवाय त्यालाही दिसत नाही.