लकवा, मेंदूतल्या जोडण्या आणि घरचा व्यायाम : पार्श्वभूमी

गडचिरोलीच्या 86 खेड्यांतल्या मृत्यूंचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्वाधिक मृत्यू लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने (स्ट्रोक) झाल्याचं दिसलं. साधारण दर सातांत एक. जे वाचतात त्यांच्या मेंदूचं पुढे काय होतं, याची चर्चा त्यामानाने कमीच झाली.

इजा एका जागी झाली तरी तिच्याशी जोडलेले लांबचे भागही थंडावतात, असं युरोपात 1914 मध्येच मांडलं गेलं होतं. अशा इजेनंतर सरावाने काय फरक पडतो, याचा एक ठळक पुरावा 1996 मध्ये मिळाला. त्या वर्षीच्या प्रयोगात माकडांच्या मेंदूतला हात चालवणारा थोडासा भाग निकामी केला होता. ज्या माकडांनी छोट्या खळग्यांतून बोटांनी खाऊ काढण्याचा सराव केला, त्यांच्यात हाताचा उरलेला भाग टिकला, काहींत शेजारी पसरलाही. सराव न झालेल्यांत धडधाकट भागही आक्रसला. पुढे एमआरआयमुळे माणसांतही कळलं, की मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला ताळमेळ आधी बिघडतो आणि तो सावरतो तसा हातही बऱ्याचदा सावरतो.

खरा वाद झाला तो 2017 मध्ये. भारतातल्या 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांच्या चाचणीत एका गटाच्या घरच्यांना व्यायाम शिकवला गेला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच निघालं. नवा पुरावा येईपर्यंत घरच्यांकरवी व्यायाम करून घेण्यावर खर्च नको, असा निष्कर्ष निघाला. विदर्भातल्या खेड्यासाठी तो घाईचा वाटतो. दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतच होते. पण जिथे फिजिओथेरपीसाठी एसटीने जिल्ह्याला जायचं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडवायची, तिथे तुलना कशाशी करणार?

शिवाय प्रश्न मात्रेचा आहे. प्राण्यांच्या प्रयोगांत दिवसाला शेकडो वेळा हालचाल करून घेतात. उत्तर अमेरिकेतल्या 2009 च्या पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 भरल्या. आपल्याकडे घरोघरी तेल लावून हात चोळतात. त्याने बरं वाटतं, सांधे मोकळे राहतात. पण हात हलवणारा दुसराच असतो. बोंडातून कापूस ओढायचा तर अंगठा आणि बोटं रुग्णालाच जुळवावी लागतात.

उलट घाईही महागात पडते. 2104 रुग्णांच्या 2015 च्या चाचणीत लकव्यानंतरच्या पहिल्या 24 तासांत उठवून जास्त वेळ हालचाल करायला लावलेल्यांची प्रगती कमी दिसली. त्याच माहितीच्या पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठवणं बरं ठरलं.